इचिरो, राइट फील्ड आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आपण एक छोटीशी नोंद दिली होती, की जपानचा इचिरो सुझुकी, राइट फील्डला खेळणारा, २०२५ मध्ये अमेरिकेच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला, आशियात जन्मलेला पहिलाच खेळाडू, आणि ३९४ पैकी ३९३ मतं मिळाली. चार ओळींची नोंद होती ती. पण त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नागपुरात बेसबॉलवर एवढे लोक विचार करून राहिलेत हे पाहून खरंच आनंद झाला. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

भाऊ, आयुष्य क्रिकेट पाहण्यात गेलं, सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए ग्राउंडवर लहानपणापासून मॅची पाहिल्या. तुमची नोंद वाचून मोबाइलवर बेसबॉलचे व्हिडिओ लावून बसलो. मागे दूर तीन माणसं उभी राहतात, बॉल त्यांच्याकडे कधीमधीच येतो. ते तिथं नेमकं करून काय राहिले असतात? आपल्या बाउंड्रीवरच्या फिल्डरपेक्षा वेगळं काय त्यात?
(एक वाचक, महाल)

काका, एकदम मुद्द्याचं विचारलं तुम्ही. ते तिघं म्हणजे आउटफिल्डर, लेफ्ट, सेंटर आणि राइट. तुमच्या डोळ्यासमोर डीप मिडविकेट असेल तर आधी दोन गोष्टी बदला. पहिली म्हणजे अंतर. क्रिकेटची बाउंड्री नियमानं जास्तीत जास्त ९० यार्ड, म्हणजे ८२ मीटर, आणि बेसबॉलमध्ये सेंटर फील्डची भिंत कित्येक ग्राउंडवर ४०० फुटांच्या आसपास, म्हणजे १२० मीटर. एवढा सगळा पट्टा तिघांत वाटलेला. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. क्रिकेटमध्ये फिल्डर चुकला तर चार रन गेले, विषय संपला, पुढचा बॉल. इथं आउटफिल्डरच्या बाजूनं बॉल निघून गेला की मागे कोणीच नाही, बॉल भिंतीपर्यंत घरंगळत जातो आणि तेवढ्या वेळात बेसवरचे (बेस म्हणजे पळताना थांबायच्या जागा, तीन बेस करून घरी, म्हणजे बॅटरच्या जागी, परत पोचला की एक रन) सगळे पळत सुटतात.

आणि कॅच घेतला म्हणजे काम झालं असंही नाही बरं का. समजा तिसऱ्या बेसवर रनर उभा आहे आणि उंच बॉल राइट फील्डकडे गेला. फिल्डरनं कॅच घेतला, बॅटर आउट, पण त्याच क्षणापासून रनरला घराकडे पळायची मुभा मिळते, ९० फूट अंतर, म्हणजे साडेसत्तावीस मीटर. म्हणजे कॅच घेणाऱ्याला कॅच घेतानाच थ्रोची तयारी करावी लागते, म्हणून तो बॉलच्या थेट खाली जाऊन उभा राहत नाही, दोन पावलं मागे थांबतो आणि पुढे येत येत कॅच घेतो, म्हणजे अंगाचा सगळा जोर थ्रोमध्ये उतरतो. व्हिडिओत आता हे मुद्दाम पाहा.

बाकीच्या वेळात काय करतो म्हणता, तर एका मॅचमध्ये एका टीमचे पिचर, म्हणजे आपले बॉलर, साधारण सव्वाशे ते दीडशे बॉल टाकतात आणि आउटफिल्डरला त्या प्रत्येक बॉलच्या आधी मनात सगळं ठरवून ठेवावं लागतं, बेसवर कोण आहे, तो किती पळतो, आउट किती झाले, वारा कुठून आहे, बॉल माझ्या डाव्या हाताला आला तर कुठं फेकायचा आणि उजव्या हाताला आला तर कुठं. यातले बहुतेक बॉल त्याच्याकडे येतच नाहीत. तरी ठरवायचंच. शिवाय इनफिल्डमधून, म्हणजे बेसच्या आसपासच्या भागातून, पहिल्या बेसवर थ्रो झाला की राइट फिल्डर त्याच्या मागे धावत जातो, थ्रो चुकला तर अडवायला. ते टीव्हीवर दाखवत नाहीत कारण कॅमेरा बेसवर असतो. इचिरो तर दोन बॉलच्या मध्ये सुद्धा पाय ताणत, कंबर वळवत, खाली बसून उठत राहायचा, वीस वर्षं लोकांनी त्याला तिथं नुसता उभा असा फार कमी पाहिला.

मला विचाराल तर आउटफिल्डरची सगळी किंमत पहिल्या पावलात आहे. बॅटला बॉल लागल्याचा आवाज आणि बॉल निघालेला कोन, एवढ्यावरून पाय कुठं टाकायचा ते ठरतं, पहिलं पाऊल चुकीचं पडलं तर मग कितीही पळा. सगळ्यात वाईट बॉल कोणता माहितीये, तर सरळ अंगावर येणारा. बाजूला जाणाऱ्याचा अंदाज येतो, पण समोरून येणारा डोक्यावरून जाणार की पायाशी पडणार हे पहिला अर्धा सेकंद कळतच नाही.

नमस्कार दादा, माझा मुलगा सातवीत आहे, शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये आहे. सरांनी त्याला राइट फील्डला ठेवलंय तर घरी येऊन रडतो, बाकीची पोट्टे म्हणतात तिथं ज्याला खेळता येत नाही त्याला उभं करतात. मी काय सांगू त्याला?
(एक आई, मानेवाडा)

ताई, पोट्टे म्हणतात ते शाळेच्या लेव्हलला थोडं खरं आहे, ते नाकारून उपयोग नाही, लेकराला ते दिसतंच. जास्त बॅटर उजव्या हातानं खेळतात आणि त्यांचे जोराचे फटके बहुतेक लेफ्टकडे जातात, लहान मुलांत राइटकडे बॉल कमी येतो, म्हणून सर लोक नवीन मुलाला तिथं ठेवतात. पण वर जाता जाता हे सगळं उलटं होतं हे त्याला नक्की सांगा. मोठ्या लेव्हलला राइट फील्डला टीममधला सगळ्यात जबरदस्त हाताचा माणूस लागतो, कारण तिथून तिसऱ्या बेसचा थ्रो सगळ्यात लांब. लेफ्टवाल्याला तिसरा बेस जवळ असतो, राइटवाल्याला अख्खं ग्राउंड ओलांडून फेकायचं असतं.

आणि त्याला इचिरोचा तो थ्रो दाखवा. ११ एप्रिल २००१, ओकलंडचं ग्राउंड. इचिरो सिअ‍ॅटल मरिनर्समध्ये नवीन आलेला, सीझनचा दुसराच आठवडा, जपानहून आलेला हा बारीक अंगाचा बॅटर इथं टिकतो की नाही असं सगळे बोलून राहिले होते. पहिल्या बेसवर ओकलंडचा टेरेन्स लाँग, बॅटरनं राइटकडे साधा सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका, मारला, अशा बॉलवर पहिल्यावरून तिसऱ्यापर्यंत जाणं म्हणजे रोजचीच गोष्ट, लाँग पळाला. इचिरो पुढे धावत आला, बॉल उचलला आणि फेकला, साधारण साठ मीटर, बॉल वर गेलाच नाही, जमिनीला समांतर सरळ रेषेत आला आणि तिसऱ्या बेसवर डेव्हिड बेलच्या ग्लोव्हमध्ये पडला, त्यानं फक्त ग्लोव्ह खाली केला आणि लाँग स्वतःहून येऊन त्यात आउट झाला. अमेरिकेत आजही ‘तो थ्रो’ एवढंच म्हटलं तरी लोकांना कळतं. मी तो शेकडो वेळा पाहिला असेल आणि अजूनही पाहताना मान पुढे जाते. त्यानंतर पुढची अनेक वर्षं रनर लोक राइटकडे बॉल गेला की दुसऱ्या बेसवर थांबायला लागले. न फेकता वाचलेले ते बेस कुठल्याच आकड्यात येत नाहीत.

आता मुलासाठी तीन कामाच्या गोष्टी. एक, पहिल्या बेसवर प्रत्येक थ्रोला मागे धावायचं, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवरच असतात त्यामुळे त्याला वेळेत पोचता येतं आणि लहान मुलांचे थ्रो खूप चुकतात, एका मॅचमध्ये दोनदा त्यानं बॉल अडवला की बोलणारे आपोआप गप्प होतील. दोन, डोक्यावरून जाणाऱ्या बॉलला उलटं उलटं पळायचं नाही, पाय मागे टाकून अंग वळवायचं आणि खांद्यावरून पाहत पळायचं, हे घरासमोर सुद्धा करता येतं. तीन, ऊन. नियमपुस्तकात सुचवलंय की ग्राउंड अशा दिशेनं आखावं की बॅटरच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये, मग दुपारनंतर ते ऊन बरोबर राइट फिल्डरच्या तोंडावर येतं. त्यावर उपाय म्हणजे ग्लोव्ह वर धरून सूर्य झाकायचा आणि ग्लोव्हच्या कडेनं बॉल पाहायचा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ही सवय ज्याला लागली त्याला जगात कुठंही त्रास नाही. प्रॅक्टिस मात्र सकाळीच ठेवा, डोक्याला रुमाल, पाण्याची बाटली, ते तुम्ही पाहालच.

इचिरोच्या वडिलांनी त्याला लहानपणापासून घडवला असं ऐकलं. मी पण मुलाकडून सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस करून घेतो, नऊ वर्षांचा आहे. घरात यावरून रोज वाद. इचिरोच्या वडिलांनी केलं ते बरोबर की चूक, सरळ सांगा.
(एक वडील, हिंगणा रोड)

सरळच सांगतो भाऊ. इचिरोचा जन्म २२ ऑक्टोबर १९७३ चा, नागोयाजवळच्या तोयोयामा गावचा. वडील नोबुयुकी. सातव्या वर्षापासून रोज शाळा सुटली की बापलेक ग्राउंडवर, पिचिंग, बॅटिंग, मग खालचे बॉल, मग वरचे बॉल, आणि संध्याकाळी परत बॅटिंग सेंटरला मशीनसमोर. सहावीत असताना त्यानं शाळेत ‘माझं स्वप्न’ म्हणून निबंध लिहिला होता, जपानमध्ये तो फार प्रसिद्ध आहे, त्यात लिहिलंय की तिसरीपासून वर्षातले ३६० दिवस कठीण प्रॅक्टिस करतो आणि मित्रांसोबत खेळायला आठवड्यात पाच-सहा तासच मिळतात, आणि मी नक्की प्रोफेशनल होणार, मदत केली त्या लोकांना तिकीट देऊन मॅचला बोलावणार. बारा वर्षांचं लेकरू हिशोब मांडून लिहितंय. वाचताना अभिमान पण वाटतो आणि पोटात पण तुटतं.

मोठेपणी इचिरोनं स्वतः सांगितलंय की ते दिवस फार कठीण होते, त्रास झाला. म्हणजे जो सगळ्यात वर पोचला त्यालाही ते गोड वाटलं नाही. आणि आपल्याला फक्त तोच दिसतो, कारण तो पोचला. त्याच पद्धतीनं राबवलेली बाकीची हजारो मुलं कुठं गेली ते कोणी लिहिलेलं नाही. म्हणून ‘इचिरोच्या वडिलांनी केलं म्हणून मी करतो’ हे कारण मला मान्य नाही.

पण त्या गोष्टीतली एक बाजू घेण्यासारखी नक्की आहे. ते वडील स्वतः रोज ग्राउंडवर असायचे, बॉल टाकायचे, बॉल गोळा करायचे, मुलाला क्लासला सोडून गाडीत बसून राहिले नाहीत. आणि निबंध नीट वाचला तर स्वप्न त्या मुलाचं स्वतःचं दिसतं. तुमच्या मुलाला विचारा, उद्या सुट्टी दिली तर काय करशील? बॅट घेऊन बाहेर गेला तर चालू द्या. झोपून राहिला तर एक वेळची प्रॅक्टिस बंद करा, नऊ वर्षांच्या खांद्याला दोन्ही वेळ थ्रो करणं तसंही झेपत नाही, खांदा आणि कोपर त्या वयात कच्चे असतात. घरातला वादही त्याच दिवशी अर्धा मिटेल.

अजून एक सांगतो, कारण हे नेहमी गाळलं जातं. एवढं सगळं करूनही तो १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, चौथ्या राउंडला गेला, जपानच्याच ओरिक्स ब्लूवेव्ह टीमकडे. शाळेत तो पिचर होता, अंगानं बारीक. तिथं पहिल्या मॅनेजरला, म्हणजे कोच शोझो दोईंना, त्याची पाय झुलवून मारायची स्टाइल पटली नाही, दोन वर्षं बहुतेक वेळ खालच्या टीमला. १९९४ ला अकिरा ओगी मॅनेजर म्हणून आले, त्यांनी स्टाइलला हात लावला नाही, रोज खेळवला, आधी दुसऱ्या नंबरवर, मग पहिल्या, आणि शर्टावर सुझुकीऐवजी ‘इचिरो’ लिहायला लावलं कारण जपानमध्ये सुझुकी गल्लोगल्ली. त्याच वर्षी १३० मॅचमध्ये २१० हिट, म्हणजे बेसवर पोचवणारे फटके, जपानमध्ये तोवर कोणी एका सीझनला २०० केलेच नव्हते. तिथून सलग ७ वर्षं लीगचा नंबर एक बॅटर. म्हणजे बापाची मेहनत एकीकडे, पण तो उभा राहिला तो त्याला आहे तसा खेळू देणारा माणूस भेटल्यावर.

१९९५ च्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली, ब्लूवेव्हचं ग्राउंड त्याच शहरात. किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना वेगळं सांगायला नको. त्या सीझनला टीम बाहीवर ‘गानबारो कोबे’ लिहून खेळली, म्हणजे कोबे, हिंमत धर, आणि त्या वर्षी लीग जिंकली, पुढच्या वर्षी जपान सीरिज पण.

यात पैसा किती असतो? इंजिनीअरिंग करून राहिलोय, सहज विचारतोय.
(एक विद्यार्थी, सदर)

वर प्रचंड, खाली अगदी कमी. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, २०२५ ला सगळ्यात कमी पगार ७,६०,००० डॉलर होता, आपले साडेसहा कोटींच्या आसपास. पण त्याच्या एकच पायरी खाली, ट्रिपल-ए मध्ये, २०२३ च्या करारानंतरही वर्षाला ३५,८०० डॉलरपासून सुरुवात, अमेरिकेच्या खर्चात त्यात घरभाडं आणि जेवण जेमतेम, आणि त्याच्या खाली अजून चार पायऱ्या. बरीचशी मुलं खालीच संपतात. आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, उत्तर प्रदेशचे भालाफेकपटू, २००८ ला पिट्सबर्ग पायरेट्सनं पिचर म्हणून घेतले, खूप गाजलं, पण मेजरपर्यंत दोघंही पोचले नाहीत. इचिरोसाठी मात्र सिअ‍ॅटलनं नुसतं बोलणी करायच्या हक्कासाठी ओरिक्सला एक कोटी एकतीस लाख डॉलरच्या जवळपास दिले, २००० च्या शेवटी, त्याचा स्वतःचा पगार वेगळा. डिग्री पूर्ण करा.

इचिरोचे जपान आणि अमेरिका मिळून ४,३६७ हिट आणि अमेरिकेच्या पीट रोझचे ४,२५६. मग जगात एक नंबर कोण? आमच्या कट्ट्यावर चहा थंड होईपर्यंत भांडण झालं.
(एक वाचक, प्रतापनगर)

अमेरिकेच्या रेकॉर्डमध्ये रोझच, यात वाद नाही. इचिरोचे अमेरिकेतले ३,०८९ आणि जपानचे १,२७८. बेरीज करणारे म्हणतात जगात तोच पहिला, न करणारे म्हणतात जपानची बॉलिंग, म्हणजे पिचिंग, तेवढी कठीण नाही. मी बेरीज करत नाही, दोन वेगळ्या लीग आहेत, टेस्टच्या रेकॉर्डमध्ये रणजीचे रन कोणी धरत नाही. पण जपानचे हिट सोपे होते हे म्हणणाऱ्यांना मी २००१ दाखवतो. सत्ताविसाव्या वर्षी, नवा देश, वर्षाला १३५ ऐवजी १६२ मॅची, आणि पहिल्याच वर्षी २४२ हिट, ५६ बेस चोरले (फटका न लागता पळून पुढचा बेस घेतला), त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू आणि सर्वोत्तम खेळाडू दोन्ही तोच, याआधी हे फक्त १९७५ ला फ्रेड लिननं केलं होतं, तो पण आउटफिल्डर. सिअ‍ॅटल त्या वर्षी ११६ मॅची जिंकले. मग सलग १० वर्षं २०० च्या वर हिट, सलग १० गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे फिल्डिंगचं बक्षीस.

माझ्यासाठी त्याचा सगळ्यात मोठा आकडा २००४ चा, २६२. एका सीझनमधल्या हिटचं जुनं रेकॉर्ड जॉर्ज सिस्लरचं २५७, १९२० सालचं, ८४ वर्षं कोणाला हललं नाही. त्या २६२ मधले २२५ नुसते सिंगल. तेव्हा सगळी अमेरिका होम रनच्या, म्हणजे भिंतीपलीकडच्या फटक्याच्या, मागे लागलेली, बॅटर लोक दंड फुगवून येत होते, आणि हा माणूस बॉल दोन फिल्डरच्या मधून ढकलून, कधी नुसता जमिनीवर आपटून, पहिल्या बेसकडे सुटायचा. थ्रो उजव्या हातानं करायचा पण बॅटिंग डावखुरी, म्हणजे पहिला बेस पावलाभरानं जवळ, आणि मारतानाच अंग त्या दिशेला निघालेलं. रेकॉर्ड मोडलं त्या दिवशी सिस्लरच्या घरचे लोक ग्राउंडवर आले होते, इचिरो खेळ थांबवून त्यांच्याकडे गेला, वाकून हात मिळवला. पाच वर्षांनी सेंट लुईसला गेला तेव्हा बायकोला घेऊन सिस्लरच्या कबरीवर फुलं ठेवून आला. ज्याला मागे टाकलं त्याच्याशी असं वागणं, हे मला त्या २६२ एवढंच मोठं वाटतं.

कट्ट्यावर हेही सांगा की रोझनं स्वतः या बेरजेवर नाराजी दाखवली होती.

मुलींना बेसबॉलमध्ये काही आहे का, की फक्त सॉफ्टबॉल?
(एक वाचक, कामठी)

आपल्याकडे मुलींसाठी सॉफ्टबॉलचा रस्ता जास्त रुळलेला, शालेय स्पर्धांत आहे, टीम सहज मिळते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. पण बेसबॉल मुलींचा नाही असं अजिबात नाही. रिटायर झाल्यावर इचिरोनं मित्र गोळा करून एक हौशी टीम काढली आणि २०२१ पासून तो दरवर्षी जपानच्या शाळकरी मुलींच्या निवडक टीमशी पूर्ण मॅच खेळतो, पिचिंग स्वतः करतो, आणि मुली म्हणून बॉल हळू टाकत नाही. मुलींना यापेक्षा मोठा मान काय द्यायचा.

वय ४१, ऑफिसच्या टीमकडून अजून खेळतो. पोरं आता मला बाराव्या नंबरला बसवतात. इचिरो ४५ पर्यंत कसा खेळला, आणि शेवटी त्याला पण बसवलं का?
(एक वाचक, वर्धमाननगर)

बसवलं दादा, चांगलंच बसवलं, आणि त्याच्या शेवटच्या वर्षांबद्दल लोक बोलत नाहीत म्हणून मला हा प्रश्न फार आवडला. २०१२ च्या जुलैत सिअ‍ॅटलनं त्याला न्यूयॉर्क यँकीजला दिला, तिथं कधी लेफ्टला, कधी खालच्या नंबरवर, कधी बाहेर. मग तीन वर्षं मायामी, तिथं तो चौथा आउटफिल्डर, म्हणजे तीन पोरं थकली की हा. ७ ऑगस्ट २०१६ ला डेन्व्हरला ३,००० वा हिट आला तो ट्रिपल, बॉल भिंतीला लागला आणि बेचाळीस वर्षांचा माणूस तिसऱ्या बेसपर्यंत पळत गेला.

२०१८ ला परत सिअ‍ॅटल. १५ मॅची खेळला, ९ हिट, आणि मे महिन्यात टीमनं सांगितलं आता खेळाडू म्हणून नाही, ऑफिसचा सल्लागार म्हणून राहा. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. हा रोज ग्राउंडवर येत राहिला, टीमसोबत सगळी प्रॅक्टिस, बॅटिंग, आउटफील्डला बॉल पकडणं, आणि मॅच सुरू झाली की नियमानुसार डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बाकावर, बसायची परवानगी नाही म्हणून आत जायचा. पूर्ण सीझन असा. मॅच नाही हे माहीत असून. शेवटी २१ मार्च २०१९ ला टोकियो डोममध्ये ओकलंडशी शेवटची मॅच, त्यात एकही हिट नाही, आठव्या इनिंगला राइट फील्डमधून त्याला बाहेर बोलावलं, सगळं स्टेडियम उभं, आणि त्याच दिवशी मेजर लीगमधली पहिली मॅच खेळणारा युसेई किकुची त्याच्या गळ्यात पडून रडला. नंतर मध्यरात्र उलटून गेली तरी पत्रकारांना उत्तरं देत बसला होता.

कसा टिकला याचं उत्तर त्याच्या सामानात पण आहे. बॅटा ओलाव्यानं जड होऊ नयेत म्हणून त्या खास पेटीत ठेवायचा, मॅच झाली की ग्लोव्ह स्वतः पुसून तेल लावायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. आणि शरीर ताणणं दिवसभर. तुम्हाला एकच सांगेन, बाराव्या नंबरवर बसवलं तरी फिल्डिंग प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी जा. वसीम जाफर चाळिशीत विदर्भाकडून रणजी जिंकताना स्लिपमध्ये कसा उभा राहायचा ते जामठ्याला पाहिलं असेल तुम्ही. आणि गुडघे एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या, चाळिशीनंतर वॉर्मअपशिवाय धावू नका.

५१ नंबर त्यानं का घेतला?
(एक शाळकरी वाचक, नरेंद्रनगर)

बेटा, जपानमध्ये नवीन असताना टीमनं दिला होता तो. सिअ‍ॅटलला आल्यावर परत ५१ मिळाला, पण तिथं आधी तो रँडी जॉन्सनचा, फार मोठा पिचर, म्हणून इचिरोनं त्याला निरोप पाठवला की मी या नंबरला कमीपणा आणणार नाही. यँकीजला गेला तेव्हा तिथं ५१ बर्नी विल्यम्सचा म्हणून ओळखला जायचा, तो पण आउटफिल्डर, तर इचिरोनं मागितलाच नाही, ३१ घातला. मायामीत परत ५१. ऑगस्ट २०२५ मध्ये सिअ‍ॅटलनं त्याच्या नावानं ५१ कायमचा बंद केला, आता तिथं तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळणार नाही.